गुडघ्यातल्या दोन चंद्रकोरी

१९१८ साली टोकियोमध्ये केंजी ताकागी नावाच्या शल्यविशारदाने एका मृतदेहाच्या गुडघ्यात मूत्राशय तपासायची दुर्बीण घातली आणि आत डोकावून पाहिलं. मूत्राशयाचं उपकरण गुडघ्यात घालायची वेळ त्यांच्यावर का आली, हे आपल्याकडच्या माणसाला चटकन कळेल. त्या काळी जपानमध्ये गुडघ्याचा क्षयरोग पुष्कळांना होई. रोग बळावला की सांधा कायमचा ताठ व्हायचा. जेवणखाण, पाहुणचार, पूजाअर्चा सगळं जमिनीवर बसून करणाऱ्या समाजात ज्याचा गुडघा वाकत नाही तो माणूस चारचौघांतून उठल्यासारखाच. रोग वेळीच दिसला तर गुडघा वाचेल आणि तो सांधा न उघडता दिसला पाहिजे, या ध्यासातून ताकागी त्या नळीपर्यंत पोहोचले होते. सहा वर्षं आधी डेन्मार्कच्या सेवेरिन नॉर्डेनटॉफ्ट यांनी बर्लिनच्या एका परिषदेत असंच उपकरण मांडलं होतं, पण त्यांचं काम तिथेच थांबलं. ताकागींचं थांबलं नाही.

आज ‘दुर्बिणीचं ऑपरेशन’ म्हटलं की काय ते आपल्याकडे घरोघरी कळतं. पण त्यामागच्या शंभर वर्षांत जे घडलं ते वाचताना मी थक्क होतो. गुडघ्याच्या आतलं डॉक्टरांना जसजसं स्पष्ट दिसत गेलं, तसतशी त्यांची सुरी आवरती होत गेली. आधी अख्खी गादी काढत, मग फाटलेला तुकडाच काढू लागले, मग टाके घालू लागले आणि शेवटी काही गुडघ्यांना हातच लावायचा नाही, इथवर आले.

सपाटावर गोल कसं बसतं?

मांडीच्या हाडाचं खालचं टोक म्हणजे दोन गोल उंचवटे. त्याखाली नडगीचं हाड, त्याचा माथा जवळजवळ सपाट. गोल वस्तू सपाटीवर ठेवली तर ती एवढ्याशा जागेवर टेकते आणि सगळं वजन तिथेच येतं. साधं चालतानासुद्धा गुडघ्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार पडतो. सत्तर किलोच्या माणसाच्या बाबतीत हा हिशोब पावलागणिक पावणेदोनशे ते दोनशे दहा किलोंवर जातो.

हा भार एका ठिकाणी पडू नये म्हणून त्या दोन हाडांमधल्या फटीत चंद्रकोरीच्या आकाराच्या दोन गाद्या आहेत. एक गुडघ्याच्या आतल्या बाजूला, एक बाहेरच्या. डॉक्टर त्यांना मेनिस्कस म्हणतात. बाहेरच्या कडेला जाड आणि मध्याकडे येताना पातळ होत गेलेली ही कूर्चा जेमतेम तीन-साडेचार सेंटीमीटर लांबीची असते. तिच्यात सुमारे ७० टक्के पाणी असतं. उरलेल्यात मुख्य म्हणजे कोलॅजनचे धागे, आणि त्या धाग्यांच्या मांडणीतच सगळी किमया आहे.

बहुतेक धागे कडेकडेने चंद्रकोरीचा वळसा घेत जातात आणि त्यांची दोन्ही टोकं नडगीच्या हाडात घट्ट रुतलेली असतात. वजन आलं की गादी बाहेरच्या बाजूला पसरू पाहते. हे धागे ताणले जातात आणि तिला पसरू देत नाहीत. बैलगाडीच्या लाकडी चाकावर चढवलेली लोखंडी धाव चाकाला जशी आवळून धरते, तसंच हे काम आहे. वरून येणारा दाब अशा रीतीने धाग्यांच्या ताणात बदलतो आणि सांध्यावर पसरून जातो. पाय सरळ असताना गुडघ्यावरच्या भारापैकी जवळपास निम्मा आणि गुडघा काटकोनात वाकला की ८५ टक्क्यांपर्यंत भार या दोन गाद्या पेलतात.

शिवाय त्या एका जागी बसून राहत नाहीत. आपण गुडघा वाकवतो तेव्हा दोन्ही गाद्या हाडाबरोबर मागे सरकतात. बाहेरची साधारण अकरा मिलिमीटर, आतली पाच. आतली गादी भोवतालच्या अस्तराला आणि लिगामेंटला जास्त घट्ट चिकटलेली असल्यामुळे तिला हलायला जागा कमी, म्हणूनच ती जास्त वेळा फाटते.

फाटते कशी?

तरुण गुडघ्यातली गादी बहुधा पिळामुळे फाटते. पाऊल जमिनीत रोवलेलं, गुडघा थोडा वाकलेला आणि वरचं शरीर एकदम वळतं. कबड्डीत पकडीतून सुटण्यासाठी चढाईपटू अंगाला झटका देतो किंवा फुटबॉलमध्ये धावता धावता खेळाडू दिशा बदलतो, तेव्हा नेमकं हेच होतं. कधी चीर इतकी लांब असते की सुटलेला पट्टा दोन हाडांच्या मध्ये येऊन अडकतो आणि गुडघा काही केल्या सरळ होत नाही. वय वाढलं की धागे आपणहून विरत जातात. मग उकिडवं बसून उठणंसुद्धा निमित्ताला पुरतं.

जानेवारी २०१६च्या अखेरीस रॉजर फेडरर ऑस्ट्रेलियन ओपनची उपांत्य फेरी हरला. दुसऱ्या दिवशी तो आपल्या जुळ्या मुलींच्या अंघोळीसाठी पाणी सोडत होता. नुसता वळला आणि गुडघ्यात ‘कट’ असा आवाज झाला. आयुष्यभर टेनिस कोर्टवर टिकलेली गादी न्हाणीघरात फाटली होती. काही दिवसांतच त्याच्यावर दुर्बिणीची शस्त्रक्रिया झाली.

सहा दशकांचा गैरसमज

एडिनबरातील थॉमस अनंडेल या शल्यविशारदाने १८८३च्या नोव्हेंबरमध्ये एका खाण कामगाराचा गुडघा उघडला. आतली गादी जागेवरून सुटलेली होती. अनंडेल यांनी ती कापून टाकली नाही, टाके घालून पुन्हा जागेवर बसवली. पुढे जग ज्या वाटेने जायला हवं होतं, ती वाट त्या दिवशीच उघडली होती.

पण जग उलट्या वाटेने गेलं. १८८७ साली इंग्लंडच्या जॉन ब्लँड-सटन यांनी या गाद्या म्हणजे पायाच्या जुन्या स्नायूंचे निरुपयोगी अवशेष आहेत, असं मत छापलं. ज्याचा उपयोगच नाही ते फाटलं तर काढून टाकायचं, हा विचार सगळ्यांना पटला. पुढची कित्येक दशकं फाटलेली गादी समूळ काढणं हाच शिरस्ता झाला. गुडघ्याला मोठा छेद देऊन ती अख्खी उपसून काढत. रुग्णाचं दुखणं थांबे, डॉक्टरही समाधानी असत.

१९४८ साली टी. जे. फेअरबँक यांनी अशा १०७ रुग्णांचे एक्स-रे तपासले. गादी काढलेल्या बाजूला सांध्यातली फट अरुंद झाली होती, मांडीच्या हाडाचा उंचवटा चपटा पडला होता आणि कडेला हाडाची नवी धार उगवली होती. पुढे मोजमापं झाली, तेव्हा कारणही कळलं. गादी नसली की दोन हाडं एकमेकांना टेकण्याची जागा निम्म्याच्या आसपास उरते आणि तिथला दाब दुपटीपर्यंत जातो. निरुपयोगी म्हणून फेकलेला अवयवच सांध्याचं आयुष्य राखत होता.

एकविसावी दुर्बीण

ताकागींचे शिष्य मासाकी वातानाबे यांनी गुरूचं काम हाती घेतलं. गुरुशिष्यांनी एकामागून एक उपकरणं बनवली आणि प्रत्येकाला क्रमांक दिला. १९५०च्या दशकाच्या अखेरीस तयार झालेली एकविसावी दुर्बीण खऱ्या अर्थाने कामाची ठरली. तिच्या टोकाला बारीकसा दिवा होता आणि तो कधीकधी सांध्याच्या आतच फुटायचा. तरीही तिच्यातून दिसणारं दृश्य इतकं स्वच्छ होतं की वातानाबेंनी पाहण्याच्या पुढचं पाऊल टाकलं. ४ मे १९६२ रोजी त्यांनी बास्केटबॉल खेळताना गुडघा पिळवटलेल्या सतरा वर्षांच्या मुलाच्या गादीचा फक्त फाटलेला तुकडा दुर्बिणीतून काढला आणि बाकीची गादी तशीच राहू दिली. मुलगा सहा आठवड्यांत पुन्हा मैदानात उतरला.

दोन वर्षांनी टोकियो ऑलिंपिकच्या वेळी रॉबर्ट जॅक्सन हे कॅनडाचे डॉक्टर वातानाबेंकडे ही विद्या शिकले आणि एकविसावी दुर्बीण घेऊन टोरांटोला परतले. पाश्चात्त्य जगात ती तिथून पसरली. १९६९ मध्ये टोकियोतच हिरोशी इकेउची यांनी फाटलेल्या गादीला दुर्बिणीतून टाके घातले. अनंडेल यांची वाट शहाऐंशी वर्षांनी पुन्हा सापडली.

सांध्यात फुटणाऱ्या दिव्यावरचा इलाज एका भारतीयाच्या संशोधनातूनही आला, याचा आपल्याला अभिमान वाटायला हवा. पंजाबातल्या मोगा इथे जन्मलेले नरिंदर सिंग कपानी आणि त्यांचे मार्गदर्शक हॅरॉल्ड हॉपकिन्स यांनी लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये १९५४ साली दाखवून दिलं की काचेच्या बारीक तंतूंच्या जुडीतून प्रतिमा वाहून नेता येते. प्रकाशतंतू आले, दिवा शरीराबाहेर राहिला आणि फक्त त्याचा थंड उजेड आत गेला. हॉपकिन्स यांनी पुढे काचेच्या दांड्यांची नवी भिंगरचना काढली आणि दृश्य आणखी उजळलं. मग डोळ्याच्या जागी कॅमेरा आला आणि एकट्या शल्यविशारदाला दिसणारं दृश्य खोलीतल्या सगळ्यांना पडद्यावर दिसू लागलं.

आत गेल्यावर

आजची शस्त्रक्रिया अशी होते. बहुधा कमरेतून भूल देतात. गुडघ्याच्या वाटीखाली दोन्ही बाजूंना सेंटीमीटरभराचे किंवा त्याहून लहान दोन छेद घेतात. एकातून चार मिलिमीटर जाडीची दुर्बीण जाते, दुसऱ्यातून हत्यारं. सांध्यात सलाईन सोडून तो फुगवतात, म्हणजे आत काम करायला जागा होते आणि रक्त धुऊन जातं. दुर्बिणीचं भिंग सरळ समोर पाहत नाही, ते तीस अंशांत तिरकं असतं. त्यामुळे नळी जागच्या जागी नुसती फिरवली तरी कोपऱ्यामागचं दिसतं. आतली गादी नीट पाहायची तर साहाय्यक पाय बाहेरच्या बाजूला ढकलून सांध्याची फट उघडतो. बाहेरची पाहायची तर पाय मांडी घातल्यासारखा दुमडतात.

मग टोकाशी काटकोनात वळलेला बारीक आकडा गादीवरून फिरतो. गादी कुठे घट्ट आहे, कुठे उचलली जाते आणि चीर किती खोल आहे, हे शल्यविशारद त्या आकड्याने चाचपतो. एमआरआयने अंदाज दिलेला असतो, पण काढायचं की शिवायचं याचा निकाल पुष्कळदा इथे लागतो.

तो निकाल मुख्यतः रक्तावर अवलंबून असतो. बाळ जन्मतं तेव्हा त्याच्या अख्ख्या गादीत रक्तवाहिन्या असतात. वाढत्या वयात त्या मध्याकडून कडेकडे मागे हटत जातात आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास गादी जवळजवळ मोठ्या माणसासारखी होते. मग रक्त उरतं ते फक्त बाहेरच्या कडेला, गादीच्या रुंदीच्या १० ते ३० टक्के पट्ट्यात. कडेच्या या भागाला डॉक्टर लाल पट्टा म्हणतात, आतल्या बिनरक्ताच्या भागाला पांढरा. लाल पट्ट्यातली चीर टाके घातल्यावर भरून येऊ शकते. पांढऱ्या पट्ट्यातल्या चिरेला दुरुस्तीचं सामान पोहोचवणारं रक्तच नसतं. म्हणून शल्यविशारद चिरेच्या कडा खरवडून ताज्या करतात, कधी हाडाला बारीक भोक पाडून मज्जेतलं रक्त सांध्यात उतरू देतात. जिथे रक्त नाही तिथे ते नेऊन पोहोचवण्याचा हा प्रयत्न मला या शस्त्रक्रियेतला सगळ्यात सुंदर भाग वाटतो.

टाके निघाल्यावर

तुकडा काढला काय किंवा टाके घातले काय, बाहेरून खुणा बहुधा सारख्याच, दोन बारीक छेद. पण नंतरचे महिने अगदी वेगळे असतात. फक्त तुकडा काढला असेल तर रुग्ण बहुधा त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी पायावर भार देतो, काही दिवस कुबड्या वापरतो, एक-दोन आठवड्यांत बैठ्या कामावर जातो आणि चार ते सहा आठवड्यांत हळूहळू खेळाकडे वळतो. टाके घातले असतील तर गादीला जुळून यायला वेळ द्यावाच लागतो. अनेकदा ब्रेस असतो, पहिले चार ते सहा आठवडे गुडघा काटकोनापलीकडे वाकवू देत नाहीत आणि मैदानावर परतायला चार ते सहा महिने किंवा जास्तही लागतात. तेवढा काळ उकिडवं बसणं बंद. आपल्या घरांत याचा अर्थ कमोडची सोय करणं, देवापुढे खुर्ची घेणं, पंगतीत खाली न बसणं. वाकलेल्या गुडघ्यात गाद्यांवर किती भार येतो आणि त्या किती मागे सरकतात हे एकदा कळलं की या पथ्यांमागचं कारण वेगळं सांगावं लागत नाही.

नोवाक जोकोविचचं उदाहरण सगळ्यांना आठवत असेल. जून २०२४च्या सुरुवातीला फ्रेंच ओपनमध्ये त्याच्या उजव्या गुडघ्यातली आतली गादी फाटली आणि ५ जूनला पॅरिसमध्ये शस्त्रक्रिया झाली. १४ जुलैला तो विम्बल्डनचा अंतिम सामना खेळत होता आणि ४ ऑगस्टला, जिथे गुडघा दुखावला होता त्याच कोर्टवर, सदतिसाव्या वर्षी त्याने ऑलिंपिक सुवर्णपदक जिंकलं. हे पाहून कुणी आपल्या गुडघ्याला तारीख बांधून देऊ नये. टाके घातलेल्या गादीला एवढी घाई सोसत नाही. आणि तसे सगळेच गुडघे एका गतीने सावरत नाहीत. फेडररचंच पाहा. तो एप्रिलमध्ये परतला खरा, पण गुडघा कुरकुरत राहिला. विम्बल्डननंतर त्याने उरलेला मोसम सोडून दिला, सहा महिने शरीर घडवलं आणि जानेवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली.

या महिन्यांतली खरी लढाई गुडघ्यात नसून मांडीत असते. सांध्यात पाणी साचलं की तिथल्या संवेदना मज्जारज्जूला इशारा देतात आणि मांडीच्या पुढच्या स्नायूची आज्ञा दाबली जाते. निरोगी गुडघ्यात नुसतं वीस-तीस मिलिलीटर सलाईन भरलं तरी त्या स्नायूचा आतला भाग मंदावतो, हे प्रयोगांनी दाखवलं आहे. म्हणूनच शस्त्रक्रियेनंतर धडधाकट माणसालाही पाय उचलताना जिवाचा आटापिटा करावा लागतो. स्नायू असतो, पण त्याला हुकूम पोहोचत नाही. फिजिओथेरपिस्ट गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायला सांगतात, सरळ पाय उचलायला लावतात, टाच सरकवून गुडघा वाकवायला शिकवतात. हे क्षुल्लक वाटणारे व्यायाम मेंदू आणि मांडी यांच्यातलं बंद पडलेलं बोलणं पुन्हा सुरू करतात. बर्फाने शेकणं आणि पाय उशीवर वर ठेवणं यांनी सूज उतरते, आणि सूज उतरली की तो हुकूम पुन्हा पोहोचू लागतो.

एक गोष्ट मात्र विसरू नये. पोटरी दुखू लागली किंवा सुजली, ताप आला, गुडघा लाल आणि गरम झाला, जखमेतून पाणी येऊ लागलं किंवा दम लागला, तर दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालय गाठावं.

न कापण्याचं शहाणपण

फिनलंडमधल्या पाच रुग्णालयांनी या शतकात एक धाडसी प्रयोग केला. ३५ ते ६५ वयाचे १४६ रुग्ण त्यांनी निवडले. सगळ्यांची आतली गादी वयोमानाने विरून फाटलेली होती, पण सांध्याची झीज झालेली नव्हती. प्रत्येकाच्या गुडघ्यात दुर्बीण घातली गेली आणि मग कुणाचं काय करायचं हे सोडतीने ठरवलेला लिफाफा उघडला. काहींच्या गादीचा तुकडा काढला. उरलेल्यांवर शस्त्रक्रियेचा फक्त आभास केला, हत्यारं मागितली, यंत्रांचे आवाज केले, तेवढाच वेळ घेतला. आपल्यावर काय झालं हे रुग्णांना माहीत नव्हतं. २०१३ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. वर्षभरानंतर दोन्ही गट सुधारले होते आणि दोघांत सांगण्याजोगा फरक नव्हता.

अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅमच्या ५० ते ९० वयाच्या ९९१ रहिवाशांचे एमआरआय तपासले, तेव्हा ज्यांची गादी फाटलेली दिसली त्यांतल्या ६१ टक्के लोकांना आधीच्या महिन्यात गुडघ्याचा काही त्रासच नव्हता. म्हणजे उतारवयात फाटलेली गादी दिसली म्हणून दुखण्याचं मूळ तीच, असं म्हणता येत नाही. २०१७ मध्ये तज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय गटाने वयोमानाने झिजलेल्या गुडघ्यासाठी दुर्बिणीची शस्त्रक्रिया करू नये, असा ठाम सल्ला दिला. अशा गुडघ्याला व्यायाम आणि वजनावर ताबा यांचा पर्याय आधी द्यायला हवा. तरुण माणसाची अपघाताने फाटलेली गादी किंवा अडकून बसलेला गुडघा ही वेगळी गोष्ट आहे. तिथे वेळेवर केलेली शस्त्रक्रिया सांधा वाचवते.

म्हणून तुमच्या किंवा घरातल्या कुणाच्या रिपोर्टवर ‘मेनिस्कस फाटला आहे’ असं लिहून आलं, तर घाबरू नका आणि घाईही करू नका. डॉक्टरांना नीट विचारा, ही चीर इजेने आली की वयाने? आधी काही महिने व्यायाम करून पाहता येईल का? शस्त्रक्रिया करायचीच असेल तर गादी काढणार की शिवणार आणि किती राखणार? चांगल्या डॉक्टरांना हे प्रश्न आवडतात. आणि शस्त्रक्रिया होवो वा न होवो, मांडीचा व्यायाम सोडू नका. पाहण्याचं आणि शिवण्याचं काम शल्यविशारद करतील, गुडघ्याला बळ मात्र तुम्हालाच द्यायचं आहे.